जायफळाच्या बेटावरील एक गाव

महाराष्ट्रातील कोणत्याही सुस्थित घरात मसाल्याचा डबा उघडला, तर त्यात एखादे तरी जायफळ सापडतेच. पुरणपोळीचे पुरण, श्रीखंड, बासुंदी ह्या पदार्थांना त्याच्यावाचून पुरेपणा येत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या गुटीतही त्याचा वेढा उगाळला जातो. इतक्या नित्याच्या वापरातली ही वस्तू जगात मुळात कोठून आली, असा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत जगातील जवळजवळ सगळे जायफळ एका लहानशा द्वीपसमूहातून येत असे, आणि त्या समूहातील सर्वांत पश्चिमेच्या, सर्वांत एकाकी बेटावर आजही एक गाव नांदत आहे. त्या बेटाचे नाव रून. मलय भाषेत बेटाला ‘पुलाउ’ म्हणतात. म्हणून जुन्या इंग्रजी कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘पुलो रून’ असा येतो. ह्या गावाचा चारशे वर्षांचा इतिहास आणि त्याची आजची स्थिती ही एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

इंडोनेशियाच्या पूर्व भागात मालुकू नावाचा प्रांत आहे. त्याची राजधानी अम्बोन. अम्बोनपासून आग्नेयेस सुमारे १३० मैलांवर, खोल समुद्रात, बांदा नावाची दहा-अकरा बेटे एकत्र आलेली आहेत. सावंतवाडीजवळच्या बांद्याशी ह्या नावाचा काही संबंध नाही. ह्या बेटांत लोंथोर हे सर्वांत मोठे. नेइरा हे बंदराचे व कारभाराचे ठिकाण. त्याच्या समोर गुनुंग आपी, म्हणजे अग्निपर्वत, हा जागृत ज्वालामुखी समुद्रातून सरळ वर आलेला आहे. तो १९८८ साली पुन्हा जागा झाला होता. नेइरापासून पश्चिमेस आठ-दहा मैलांवर आइ नावाचे बेट लागते, आणि त्याहीपलीकडे, नेइरापासून सुमारे १५ मैलांवर, रून. त्याची लांबी सुमारे दोन मैल आणि रुंदी अर्ध्या मैलाच्या आसपास. चपळ माणसाने सकाळी निघावे आणि दुपारच्या जेवणापूर्वी सगळे बेट पाहून परत यावे, एवढाच त्याचा विस्तार. जवळच नाइलाका नावाचा वाळूचा ठिपका आहे; ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येते.

गाव किनाऱ्याला धरून वसलेले आहे. मागे चढण, चढणीवर जायफळाची झाडी, आणि झाडीवर छत्र धरणारे कनारी नावाचे उंच वृक्ष. जायफळाच्या झाडाला कडक ऊन व जोराचा वारा सोसत नाही. म्हणून बदामासारखी फळे देणाऱ्या ह्या कनारी वृक्षांची सावली त्याला पूर्वीपासून दिली जात आली आहे. बेटाचा पाया पोवळ्यांच्या चुनखडकाचा असल्यामुळे पडलेले पाणी मुरून जाते. वाहता ओढा किंवा बारमाही झरा तेथे नाही. गावकरी पावसाचे पाणी पन्हळींतून टाक्यांत उतरवून घेतात आणि त्यावर वर्ष काढतात. ही पाण्याची उणीव केवळ आजची अडचण नव्हे. बेटाच्या इतिहासातही तिने आपला भाग उचलला आहे, हे पुढे दिसेल.

मराठी माणसाला ह्या दूरच्या गावात एका गोष्टीने निश्चितच आश्चर्य वाटेल. तेथील भाषेत जायफळाला ‘पाला’ म्हणतात, आणि हा शब्द संस्कृत ‘फल’ ह्यापासून गेलेला आहे. गावाला इंडोनेशियात ‘देसा’ हे सरकारी नाव आहे; ते ‘देश’. मालुकूतील जुन्या परंपरेच्या गावाला ‘नेगेरी’ म्हणतात, ती ‘नगरी’. शाळेतला मास्तर ‘गुरू’च आहे. आणि वस्तूच्या भावाला ‘हर्गा’ म्हणतात; संस्कृतात मूल्य ह्या अर्थी ‘अर्घ’ शब्द आहे, त्याचेच ते रूप. हे शब्द तेथे सैन्याबरोबर गेलेले नाहीत. कापूस, मसाले आणि धर्मविचार ह्यांची ये-जा करणाऱ्या गलबतांबरोबर ते शतकानुशतके हळूहळू जात राहिले. ‘हर्गा’ हा शेवटचा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ह्या गावाची सारी कहाणी त्या एका शब्दाभोवती फिरते.

जायफळाचे झाड दिसायला सुबक असते, पण ते वाढविणे हे धीराचे काम आहे. रोप लावल्यावर पाच-सात वर्षे गेल्याशिवाय त्याला फूल येत नाही. आणि फूल येईपर्यंत झाड नर आहे की मादी हे ओळखता येत नाही. फळ फक्त मादीला. पंधरा-वीस वर्षांनी झाड भरात येते आणि पुढे कित्येक दशके फळ देत राहते. फळ पिकले म्हणजे ते पिवळसर पेरूसारखे दिसते आणि आपोआप मधोमध उकलते. आत गडद रंगाचे कवच आणि त्याला बिलगलेली तांबडीलाल जाळी. ती जाळी म्हणजे जायपत्री, आणि कवचातील बी म्हणजे जायफळ. कोकणात आंबे उतरविताना जसा झेला वापरतात, तशीच लांब काठीच्या टोकाला टोपली बांधून तेथील लोक फळे उतरवितात. जायपत्री हलक्या हाताने सोडवून उन्हात वाळवितात. तेव्हा तिचा लाल रंग जाऊन केशरी-पिवळा येतो. बिया धुराच्या उबेत किंवा उन्हात काही आठवडे ठेवाव्या लागतात. कवचाच्या आत बी खुळखुळू लागली, की ती वाळली असे समजतात. फळाचा गरही वाया जात नाही. त्याच्या साखरेत मुरविलेल्या फोडी आणि मुरंबा करतात.

युरोपीय लोक येण्यापूर्वी बांदा बेटांवर राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणून ओळखले जाणारे गावोगावचे पुढारी एकत्र बसून निर्णय करीत. तेथील लोक केवळ बागाईतदार नव्हते. ते स्वतःची गलबते घेऊन मलाक्क्यापर्यंत व्यापार करीत. जायफळ, जायपत्री आणि मालुकूतील लवंग ह्यांच्या बदल्यात त्यांना दोन वस्तू हव्या असत. एक तांदूळ, आणि दुसरी हिंदुस्थानचे कापड. गुजरात व कोरोमंडल किनाऱ्यावरील रंगीत कापडाला तेथे मोठा मान होता. बेटे लहान असल्याने धान्य पिकविण्याला जागा नव्हती. साबुदाण्याच्या जातीचा सागो आणि तांदूळ शेजारच्या बेटांवरून व जावाहून येई. म्हणजे अनेक व्यापारी आले, अनेकांशी देवघेव झाली, तरच बांदाच्या लोकांच्या पानात अन्न पडे. मोकळा व्यापार ही त्यांची चैन नव्हती. त्यावर त्यांचे जगणे अवलंबून होते.

१५१२ साली पोर्तुगीज येथे पोहोचले; परंतु त्यांना ह्या बेटांवर पक्का पाय रोवता आला नाही. खरा प्रसंग ओढवला तो पुढच्या शतकात. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि तिने ओरांग कायांकडून करारनामे लिहून घेण्यास आरंभ केला. सर्व जायफळ फक्त कंपनीलाच, कंपनीच्या भावाने द्यावे, ही त्यांतील अट. कंपनीची जहाजे मात्र पुरेसा तांदूळ आणीत नसत; लोकरीचे जाड कापड आणीत, ज्याचा त्या उष्ण बेटांवर कोणास उपयोग नव्हता. करार पाळावा तर उपाशी मरावे, आणि जावाच्या किंवा इंग्रजांच्या गलबतांना माल विकावा तर करार मोडला असे ठरावे, असा तो पेच होता. १६०९ मध्ये नेइरावर किल्ला बांधण्याचे काम सुरू झाले तेव्हा चिडलेल्या बांदाच्या लोकांनी डच आरमाराचा प्रमुख पीटर व्हरहूव्हन ह्यास ठार केले. त्या रक्तपाताची आठवण डचांनी जपून ठेवली.

ह्याच सुमारास इंग्रजांचीही जहाजे ह्या समुद्रात फिरत होती. १६१६ साली आइ बेट डचांनी घेतले. आता आपली पाळी, हे रूनच्या लोकांनी ओळखले. त्या वर्षाच्या डिसेंबरच्या २३ तारखेस नॅथॅनियल कोर्टहोप नावाचा इंग्रज कप्तान ‘स्वॉन’ व ‘डिफेन्स’ ही दोन जहाजे घेऊन रूनला आला. गावच्या पुढाऱ्यांनी बेट इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या छत्राखाली देण्याचे मान्य केले, आणि खूण म्हणून बेटाच्या मातीसह जायफळाचे रोप दिले. एका संकटातून सुटण्यासाठी दुसऱ्या परक्याचा हात धरण्यावाचून त्यांना मार्ग उरला नव्हता.

कोर्टहोपची दोन्ही जहाजे लवकरच डचांच्या हाती गेली. तरीही मूठभर माणसे आणि किनाऱ्यावर चढविलेल्या तोफा ह्यांच्या बळावर त्याने जवळजवळ चार वर्षे वेढ्याला तोंड दिले. बेटावर झरा नाही. पावसाचे पाणी हाच आधार. अन्न मिळे ते रात्रीच्या अंधारात होड्यांनी आणलेले. कोर्टहोपच्या धैर्याच्या कथा इंग्रजी पुस्तकांत पुष्कळ रंगविल्या गेल्या आहेत. परंतु त्या होड्या वल्हविणारे, आपल्या घरच्या टाकीतले पाणी पाहुण्यांना देणारे आणि अर्धपोटी राहून पहारा करणारे रूनचे गावकरी होते, ह्याची आठवण त्या पुस्तकांत ओझरतीच येते. १६२० च्या ऑक्टोबरात कोर्टहोप होडीतून जात असता डचांनी त्याला गाठले आणि तो मारला गेला.

पुढल्याच वर्षी यान पीटरझून कून हा डच गव्हर्नर जनरल दीड हजारांहून अधिक सैनिक आणि जपानी भाडोत्री शिपाई घेऊन बांदावर आला. लोंथोर जिंकल्यावर ८ मे १६२१ रोजी नेइरा येथील नास्साउ किल्ल्याशेजारी ४४ ओरांग कायांचा वध करण्यात आला. गावे जाळली गेली. डोंगरात पळालेले लोक उपासमारीने व रोगाने मेले. काहींनी शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा कड्यावरून उडी घेतली. आठशेच्या आसपास माणसे बटाव्हियास नेण्यात आली. त्यापूर्वी बांदाची वस्ती सुमारे १५,००० असावी आणि ह्या मोहिमेनंतर बेटांवर हजारभर मूळ रहिवासी उरले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. रूनही ह्यातून सुटले नाही. तेथील कर्त्या पुरुषांना मारले किंवा गुलाम केले, बायकामुलांना हलविले, आणि जायफळाची झाडे तोडून टाकली. पुढे कधी बेट इंग्रजांच्या हाती गेलेच, तर त्याचा त्यांना उपयोग होऊ नये, हा त्यामागील हिशेब होता.

जे थोडे लोक होड्यांतून निसटले, ते पूर्वेकडील काइ बेटांवर जाऊन राहिले. मोठ्या काइ बेटावर बांदा एली आणि बांदा एलात अशी दोन गावे आहेत. तेथील लोक चारशे वर्षांनंतरही मूळ बांदा भाषा बोलतात. उलट प्रत्यक्ष बांदा बेटांवर ती भाषा ऐकू येत नाही. तेथे मलयचीच एक बोली चालते. माती एकीकडे आणि भाषा दुसरीकडे, अशी ही ताटातूट आहे. लोंथोर व नेइरा येथे होणाऱ्या चाकालेले ह्या युद्धनृत्यात त्या ४४ पुढाऱ्यांचे स्मरण आजही केले जाते.

ओसाड झालेल्या रूनवरील हक्क इंग्रजांनी मात्र सोडला नाही. १६५४ च्या तहात ते बेट परत करण्याचे डचांनी कबूल केले. प्रत्यक्ष ताबा मिळाला तो १६६५ साली, आणि तोही फार दिवस टिकला नाही. दरम्यान १६६४ मध्ये इंग्रजांनी उत्तर अमेरिकेतील न्यू अ‍ॅमस्टरडॅम ही डच वसाहत घेतली होती. ३१ जुलै १६६७ रोजी हॉलंडमधील ब्रेडा येथे तह झाला. रून देऊन मॅनहॅटन घेतले, अशी ह्या तहाची गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती ऐकावयास गोड असली, तरी काटेकोर नाही. ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडे राहावे, असे तहाचे सूत्र होते. त्यामुळे रून व दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम डचांकडे राहिले, आणि न्यू अ‍ॅमस्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, इंग्रजांकडे. ह्या व्यवहारात रूनच्या लोकांना कोणी विचारले नाही. विचारण्यास तेथे कोणी उरलेच नव्हते.

ह्या घटनेला मुंबईच्या इतिहासाचाही एक धागा जोडलेला आहे. मसाल्याच्या बेटांवर डचांपुढे निभाव लागेना, तेव्हा इंग्रज कंपनीचे लक्ष हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे अधिकाधिक वळत गेले. सुरतेची वखार मुळात जी महत्त्वाची ठरली, ती मसाल्याच्या व्यापारासाठी लागणारे कापड तेथे मिळे म्हणून. ब्रेडाच्या तहानंतर वर्षभराच्या आत, १६६८ साली, दुसऱ्या चार्ल्स राजाने लग्नात आंदण मिळालेले मुंबई बेट वार्षिक १० पौंड भाड्याने कंपनीस दिले. रून, मॅनहॅटन आणि मुंबई ही तिन्ही त्या पाच-सहा वर्षांत एका राजाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत मांडली जाणारी बेटे होती. त्यांपैकी दोन जगातील बलाढ्य शहरे झाली. तिसऱ्याचे खेडे राहिले. ज्या बेटाजवळ त्या काळी सर्वांत मोलाची वस्तू होती, तेच मागे पडले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ह्याचे कारण बेटाच्या लहानपणात जितके आहे, तितकेच तेथे पुढे चाललेल्या व्यवस्थेतही आहे. डच कंपनीने लोंथोर, आइ व नेइरा ह्या बेटांवरील जमिनीचे ६८ मळे पाडले आणि ते आपल्या माणसांना वाटून दिले. त्यावर राबण्यासाठी गुलाम आणले. त्यांत बुटन, काइ व जावा येथील लोक होते, तसेच गुजरात, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेले हिंदी लोकही होते. जायफळ कंपनीस ठरलेल्या अल्प भावाने द्यावयाचे, आणि युरोपात ते कैकपटीने विकावयाचे. बी परक्या देशात रुजू नये म्हणून ते चुन्याच्या निवळीत बुडवून मगच जहाजावर चढविले जाई. भाव उतरू नये म्हणून १७६० साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये जायफळादी मसाल्यांचे ढीग जाळल्याचे एका फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने नमूद केले आहे. रूनवर तर मळाही नव्हता. तेथे झाड उगवू न देणे, एवढेच त्या बेटाचे काम ठरविण्यात आले होते.

परंतु बी कायमचे कोंडून ठेवता येत नाही. १७७० च्या सुमारास प्येर प्वाव्र ह्या फ्रेंच गृहस्थाने जायफळाची रोपे मॉरिशसला पोहोचविली. नेपोलियनच्या काळातील युद्धांत इंग्रजांनी बांदा बेटे दोनदा घेतली. एकदा १७९६ मध्ये, आणि पुन्हा १८१० च्या ऑगस्टमध्ये, कप्तान कोल ह्याने वादळी रात्री दोनशेहून कमी माणसांनिशी उतरून. १८१७ साली बेटे परत करण्यापूर्वी त्यांनी हजारो रोपे पिनांग, बेंकूलेन, सिंहल इत्यादी ठिकाणी नेली. १८४३ साली जायफळ वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावर गेले. आज केरळात आणि कोकणातील नारळ-सुपारीच्या बागांतही त्याची लागवड होते. डचांच्या राज्यात १८६० मध्ये गुलामगिरी बंद झाली, पाठोपाठ मक्तेदारीही संपली, आणि बांदाचे वैभव ओसरले. कोणासच त्या बेटांची पूर्वीसारखी गरज राहिली नाही, तेव्हा कोठे रूनवर झाडे पुन्हा लावता आली. बुटन आणि इतर बेटांवरून आलेली कुटुंबे तेथे स्थिरावली. आजचे गाव हे त्या कुटुंबांच्या वंशजांचे आहे.

विसाव्या शतकात बांदाच्या नशिबी आणखी एक प्रकारचे पाहुणे आले. स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या पुढाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी डच सरकारने ही बेटे निवडली. मोहम्मद हत्ता आणि सुतान शहरीर हे १९३६ पासून १९४२ च्या आरंभापर्यंत नेइरावर स्थानबद्ध होते. हत्तांनी बरोबर पुस्तकांच्या सोळा पेट्या आणल्या होत्या. दोघांनी बेटावरची मुले गोळा करून त्यांना शिकविण्यास आरंभ केला. पुढे हत्ता स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि शहरीर पहिले पंतप्रधान. १९४७ साली दिल्लीस भरलेल्या आशियाई परिषदेत शहरीर आले होते; त्याच वर्षी जुलैमध्ये डचांच्या वेढ्यातून त्यांना विमानाने बाहेर काढणारे वैमानिक बिजू पटनाईक होते. त्यांच्या बांदातील विद्यार्थ्यांपैकी देस अल्वी ह्यांनी २०१० मध्ये निधन होईपर्यंत ह्या बेटांच्या पुनरुज्जीवनासाठी खटपट केली. हत्ता व शहरीर ह्यांच्या नावाने नेइरावर मत्स्यविद्येचे महाविद्यालय निघाले. ज्या बेटांवर केवळ मजूर आणले जात, तेथे विद्यार्थी तयार होऊ लागले, हा बदल लहान नव्हे.

आता रूनच्या आजच्या जीवनाकडे वळावे. गावकऱ्यांच्या उपजीविकेची साधने दोन: जायफळ आणि मासे. बागा आता त्यांच्या स्वतःच्या आहेत. मोठा तोडा वर्षातून दोनदा येतो. त्या दिवसांत घरापुढे, वाटेवर, भिंतीच्या कडेला, जेथे ऊन पडेल तेथे, जायफळ व जायपत्री पसरलेली दिसते. मोटारींसाठी रस्ता काढावा इतके बेटच मोठे नाही. ब्रेडाच्या तहास ३५० वर्षे झाली त्या सुमारास, म्हणजे २०१७-१८ मध्ये, परदेशी वार्ताहर तेथे गेले, तेव्हा वीज मिळत असे ती संध्याकाळचे काही तास. समुद्र शांत असतो तो मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. इतर महिन्यांत मोसमी वारे जोरावर असले, की लहान होडीने नेइरा गाठणे धोक्याचे होते. अशा वेळी कोणी अत्यवस्थ झाला, तर औषधापेक्षा हवामानाचा विचार आधी करावा लागतो. वरच्या शिक्षणासाठी मुले नेइराला, पुढे अम्बोनला जातात, आणि गेलेली सगळीच परत येत नाहीत.

ह्या स्थितीकडे पाहून दोन मते संभवतात. पहिले असे, की एवढ्याशा बेटावर भविष्य शोधणे व्यर्थ आहे. पाणी नाही, बंदर नाही, बाजार नाही. तेव्हा तरुणांनी शहरात जावे आणि वृद्धांनी झाडे सांभाळावी. दुसरे मत पर्यटनाचे. बांदाचा इतिहास, तेथील किल्ले, स्वच्छ समुद्र आणि पोवळ्यांची खडके पाहण्यास जगभरचे प्रवासी येतात. त्यांच्या पैशावर गाव सुधारेल. पहिले मत निराशेचे आहे, आणि दुसऱ्यात तथ्य असले तरी तेवढ्यावर गावाचा संसार चालणार नाही. प्रवासी येतो तो शांत समुद्राच्या महिन्यांत. गावकऱ्याला बाराही महिने जगावयाचे असते.

खरा प्रश्न ‘हर्गा’चा, म्हणजे भावाचा आहे. १६२१ मध्ये तो तरवारीच्या बळावर ठरविला गेला. आज तो कोणी तरवारीने ठरवीत नाही, परंतु गावकरीही ठरवीत नाही. २००४ साली ‘आयव्हन’ नावाच्या चक्रीवादळाने ग्रेनाडातील बहुतेक जायफळाची झाडे उन्मळून पडली, तेव्हा जगाच्या बाजारात भाव चढले. अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या एका बेटाचे दुर्दैव हे दुसऱ्या बेटाचे सुदैव ठरावे, अशी ह्या धंद्याची रीत आहे. चढता भाव हाती येईपर्यंत माल गावच्या दलालाकडून नेइराच्या, तेथून अम्बोनच्या किंवा सुराबायाच्या व्यापाऱ्याकडे जातो, आणि प्रत्येक पायरीवर काही ना काही गळते. शिवाय आता गुणवत्तेची अट कडक झाली आहे. दमट हवेत नीट न वाळलेल्या जायफळावर बुरशी धरते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. म्हणून युरोपीय संघाने इंडोनेशियातून येणाऱ्या जायफळासाठी विशेष तपासणी व दाखला लागू केला आहे. ज्याच्याजवळ पावसात झाकण्याजोगे चांगले खळे नाही, त्याचा उत्तम मालही हलक्या भावाने जातो.

येथेच आशेलाही जागा आहे. गावाने एकत्र येऊन वाळवणीचे चांगले खळे व कोठार बांधले, माल प्रतवार लावून एकत्र विकला, गराचा मुरंबा व जायफळाचे तेल गावातच काढले, तर मधल्या पायऱ्यांवर गळणाऱ्या पैशाचा काही भाग गावात राहील. ह्याला भांडवल लागते. आणि तेही आता पूर्वीइतके अशक्य नाही. इंडोनेशियाने २०१४ साली गावांचा कायदा केला आणि २०१५ पासून मध्यवर्ती सरकारचा निधी प्रत्येक ‘देसा’ला थेट मिळू लागला. तो कसा खर्चावा ह्याचा निर्णय गावसभेत व्हावा, असे त्या कायद्याचे धोरण आहे. टाकी आधी की धक्का आधी, शाळेची खोली आधी की खळे आधी, ह्यावर तेथे मतभेद होतील, भांडणेही होतील. काही वेळा पैसा चुकीच्या जागी जाईल. परंतु ओरांग काया झाडाखाली बसून जे करीत, ते करण्याचा अधिकार चारशे वर्षांच्या खंडानंतर गावाच्या हाती थोडाफार परत आला आहे, हे विसरून चालणार नाही.

रूनचे दारिद्र्य हे निसर्गाचे देणे नव्हते. निसर्गाने त्या बेटाला असे झाड दिले, की ज्याच्यासाठी जगातील दोन बलाढ्य कंपन्या अर्धशतक भांडल्या. गावकऱ्यांकडून हिरावून घेतली गेली ती विक्रीची मोकळीक, आणि तिच्याबरोबर अन्न, वस्ती व भाषाही गेली. झाडे पुन्हा लावण्याला पंधरा-वीस वर्षे लागतात. रूनच्या लोकांनी ती लावली, जोपासली आणि ती आज फळत आहेत. विकण्याची ताकद पुन्हा रुजविण्याला कदाचित त्याहून अधिक काळ लागेल. ज्या घराने रोप नर की मादी हे कळण्यासाठी सात वर्षे वाट पाहण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या अंगी बाणविली आहे, त्या घराला हे काम अवघड वाटेल, पण अशक्य वाटण्याचे कारण नाही. मुले शिकून परत यावीत, टाकीत पाणी असावे आणि तोड्याच्या दिवसांत भाव विचारणारा नव्हे, तर भाव सांगणारा माणूस गावातला असावा, एवढ्या तीन गोष्टींवर ह्या बेटाचे भवितव्य अवलंबून आहे.